‘डायरेक्ट’ करून देऊ का, ताई?

दिवाळी सरली की बालाघाटाच्या माथ्यावरून गार वारं सुटतं. पाटोदा, अंबाजोगाईकडे तर पहाटे बादलीतल्या पाण्यात बोट घालवत नाही. अशा दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतून सकाळी एक आरोळी हमखास ऐकू येते, ‘अगं, पाणी गार झालं! बघ जरा त्या गिझरला काय झालंय!’

आरोळी कुणाच्या नावानं? अर्थात घरातल्या बाईच्या. गिझर घेताना तिला कुणी विचारलेलं नसतं. तो कुठं बसवायचा हेही विचारलेलं नसतं. त्याच्यासोबत आलेलं माहितीपुस्तक कपाटावरच्या पिशवीत जाऊन पडलेलं असतं. पण तो मध्येच विझला की धावायचं तिनंच. कणकेचे हात तसेच घेऊन ती येते, नळ बंद करते, पुन्हा सोडते. गिझर ‘टक् टक् टक्’ करतो, पेटतो आणि दोन मिनिटांत परत गप्प. चार दिवस असं चाललं की मेकॅनिकला फोन जातो. तो येतो, झाकण काढतो, आत डोकावतो आणि म्हणतो, ‘सेन्सरचा प्रॉब्लेम दिसतोय. डायरेक्ट करून देऊ का, ताई? परत बंद पडायचं नाव घेणार नाही.’

मैत्रिणींनो, आजचं सगळं लिहिणं या एका प्रश्नाबद्दल आहे. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. नाही. काही झालं तरी ‘डायरेक्ट’ करून घ्यायचं नाही. तो का बंद पडतो ते शोधायचं, आणि शोधता येतं. त्याला विजेचं शिक्षण लागत नाही. घड्याळ, एक जुना टूथब्रश आणि जरा चौकसपणा पुरतो.

गॅस गिझर आपल्याकडे घराघरात शिरला तो लोडशेडिंगच्या काळात. साधारण 2005 ते 2012 ही वर्षं आठवा. परळीला वीज तयार व्हायची आणि त्याच परळीच्या आसपासच्या गावांत तासन्‌तास अंधार. 2013 च्या दुष्काळात तर पाण्यावाचून परळीचे संचच बंद ठेवावे लागले होते. ऐन अंघोळीच्या वेळी लाइट जायची आणि विजेचा गिझर भिंतीवर नुसता शोभेला. त्याच्याही आधी अंगणात तांब्याचा बंब असायचा, नाहीतर पाणी तापवायची वेगळी चूल. पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या असं काहीबाही त्यात सारायचं. मग प्लॉट पडले, घरं दाटीची झाली, अंगण गेलं, जळण मिळेना. बंब घासून माळ्यावर गेला. गॅस गिझरला लाइट लागत नाही. दोन सेल आणि एक सिलिंडर, एवढ्यावर भागतं. नळ सोडला की कढत पाणी. पहाटे उठून चुलीपुढं फुंकर घालत बसणं वाचलं ते बाईचंच. तेव्हा या यंत्राशी माझं वैर नाही. पण जे यंत्र रोज पेटवायचं त्याचा स्वभाव ओळखायला हवा, एवढंच म्हणणं आहे.

त्या डब्याच्या आत काय चालतं? नळ सोडला की पाण्याच्या जोरानं आतला रबरी पडदा ढकलला जातो आणि एक बटण दाबलं जातं. दोन सेलच्या जोरावर ठिणगी पडते, त्याच वेळी गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. ज्योतीत एक बारीक धातूची कांडी असते. ‘जाळ लागला’ अशी खबर ती देते. ती खबर आली नाही तर काही सेकंदांत झडप बंद होते, नाहीतर न जळालेला गॅस साचला असता. वर तांब्याच्या नळ्यांपाशी आणखी एक सेन्सर असतो. पाणी मर्यादेबाहेर तापलं की तोही झडप बंद करतो. आणि बऱ्याच मॉडेलमध्ये वेळेचं बंधन असतं. सलग वीस मिनिटं चालला की आपोआप बंद.

म्हणजे पाणी पुरेसं आहे का, जाळ आहे का, ताप जास्त तर होत नाही ना, फार वेळ तर झाला नाही ना, असे चार प्रश्न तो सारखा विचारत असतो. एकाचं जरी उत्तर चुकलं तरी बंद. ‘डायरेक्ट’ करणं म्हणजे काय, तर सेन्सरच्या वायरची दोन टोकं एकमेकांना जोडून टाकायची. मग प्रश्न विचारणारंच कुणी उरत नाही. घरात धूर झाला म्हणून म्हातारी खोकायला लागली, तर तिच्या तोंडावर हात ठेवण्यातलाच हा प्रकार.

आता शोधायचं कसं? पहिली गोष्ट, तो नक्की कधी बंद पडतो ते घड्याळात बघा. निम्मं उत्तर तिथंच आहे.

नुसतं टकटक करतो, पेटतच नाही किंवा पेटून लगेच विझतो, असं असेल तर आधी सेल बदला. दोन्ही एकदम, एक नवा एक जुना असं नको. थंडीत आणि वाफेत सेल लवकर उतरतात. ठिणगी पडण्याइतका जोर त्यांच्यात असतो, पण झडप धरून ठेवण्याइतका राहत नाही. काही जणी मुलांच्या खेळण्यातले चार्जिंगचे सेल त्यात घालतात. त्यांचा दाब दीडऐवजी सव्वा व्होल्टच्या आसपास असतो, गिझरला तो कमी पडतो. सेलच्या डबीत हिरवट गंज चढलेला असेल तर तो कोरड्या फडक्यानं घासून काढा. सेल नवे असूनही पेटून चार-पाच सेकंदांत विझत असेल तर त्या ज्योतीतल्या कांडीवर काजळी बसलेली असते. ती मेकॅनिककडून पुसून घ्यायची. पाच मिनिटांचं काम आहे. आणि काजळी का आली हे त्याला जरूर विचारायचं, कारण निळा जाळ काजळी धरत नाही. पिवळा जाळ धरतो. त्याबद्दल पुढं सांगते.

चालता चालता मध्येच विझतो, विशेषतः कुणी स्वयंपाकघरातला नळ सोडला की लगेच, हे आपल्याकडचं सगळ्यांत नेहमीचं दुखणं. कारण पाण्याचा दाब. आपली टाकी कुठं असते? स्लॅबवर, नुसती ठेवलेली. गिझर असतो त्याच स्लॅबखाली. पाण्याची पातळी आणि गिझर यांच्यात जेमतेम सात फुटांचं अंतर. दहा मीटर उंचीला एक बार दाब, असा साधा हिशेब आहे. म्हणजे आपल्याकडं मिळतो तो जेमतेम 0.2 बार. गिझरला किमान किती दाब लागतो ते त्याच्या अंगावरच्या पट्टीवर छापलेलं असतं, तेवढं वाचून घ्या. बऱ्याचदा आपण अगदी काठावर असतो. टाकी भरलेली असली की चालतो, पाणी तळाला गेलं की विझतो. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गल्ल्यांत टाकी बहुतेक वेळा अर्धीच असते, आणि दोष मात्र गिझरला.

यावर उपाय आहेत. टाकीखाली चार-पाच फुटांचा पक्का कट्टा बांधून घ्या. तो गवंड्याकडूनच बांधून घ्यायचा, कारण हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन. पाइप बारीक असेल तर टाकीपासून गिझरपर्यंत जाड घाला. आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जाळी साफ करणं. गिझरमध्ये पाणी जिथून शिरतं तिथल्या नटाच्या आत बोटाच्या पेराएवढी बारीक जाळी असते. टँकरचं पाणी, टाकीतला गाळ, पाइपातला चुरा सगळा तिथं अडतो. पाण्याचा आणि गॅसचा दोन्ही कॉक बंद करा, नट सोडा, जाळी टूथब्रशनं घासा, बसवा. कितीतरी ‘बिघडलेले’ गिझर एवढ्यावर सुरू होतात.

इथं आपल्या स्वभावाचाही एक भाग आहे. दुष्काळी भागातल्या बायका आपण. नळ धो-धो सोडणं जिवावर येतं. म्हणून बारीक धार सोडतो. शिवाय धार बारीक केली की पाणी जास्त कढत येतं हेही आपल्याला ठाऊक असतं. पण बारीक धारेला गिझर टिकत नाही. एकतर दाब कमी म्हणून विझतो, नाहीतर पाणी फार तापलं म्हणून विझतो. त्यापेक्षा धार पूर्ण सोडून बादली भरा आणि गिझर बंद करून टाका. विसण घालून अंघोळ करा. सुरुवातीला येणारं गार पाणी वाया जातं असं वाटत असेल तर तेच तांब्या-घागरीत धरा, विसणाला होतं. पाणी वाचतं, गॅस वाचतो. आणि बादलीनं अंघोळ करण्याचा याहून मोठा फायदा पुढं येणारच आहे.

पाच-सात मिनिटांनी विझतो, थोडं थांबलं की परत चालतो, परत विझतो, असं होत असेल तर संशय क्षारांवर घ्या. बोअरच्या जड पाण्यानं पातेल्याच्या बुडाला पांढरी खर बसते ना, तीच गिझरच्या तांब्याच्या नळ्यांत बसते. नळी आतून अरुंद होते, पाणी कमी वाहतं, जास्त तापतं, सेन्सर बंद करतो. सेन्सर आपलं काम चोख करत असतो आणि नेमका इथंच ‘सेन्सर खराब आहे, डायरेक्ट करू’ असं सांगितलं जातं. तसं केलं तर बंद पडणं थांबेल, पण आतली नळी तापतच राहील. वाफेचा फटका बसेल, नाहीतर नळी फुटेल. नळ्या धुऊन घेणं हा यावरचा उपाय. तो मेकॅनिकनंच करायचा. संडास साफ करायचं ॲसिड घरीच त्यात ओतू नका, तांबं खाल्लं जाईल.

गिझर लागला की स्वयंपाकघरातल्या शेगडीचा जाळ बारीक होतो, हे कधी पाहिलंय? एका सिलिंडरवर, एका रेग्युलेटरवर दोन्ही जोडलेलं असलं की असं होतं. सहा लिटरचा गिझर शेगडीच्या चार-पाच मोठ्या बर्नरइतका गॅस एकटा खातो. सिलिंडर संपत आला असेल आणि थंडी असेल तर टाकीत गॅस पुरेसा तयार होत नाही आणि गिझर तडफडतो. यावर काही जण हॉटेलवाल्यांचा हाय प्रेशर रेग्युलेटर लावून देतात. तो घरातल्या गिझरसाठी नाहीच. एजन्सीकडून रेग्युलेटर तपासून घ्या, आयएसआय खुणेचा पाइप वापरा आणि शक्यतो गिझरचा सिलिंडर वेगळा ठेवा. हिशेबासाठी सांगते, थंडीत एक बादली पाणी अंघोळीला जोगं तापवायला साधारण पन्नास ग्रॅम गॅस लागतो. त्यावरून घरात किती जातो ते आपलं आपणच काढा.

आणि बरोबर वीस मिनिटांनी बंद पडत असेल तर? तर तो बिघडलेलाच नाही. त्याला तसंच बनवलंय. सहा जणांच्या अंघोळी एका दमात उरकायच्या म्हणून हे वीस मिनिटांचं बंधन काढून मागणारी माणसं मला भेटली आहेत. मेकॅनिकनं नकार दिला तर त्याच्यावरच चिडतात. खरं तर त्या मेकॅनिकला चहा पाजायला हवा.

का बनवलंय तसं? तर आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ.

बंब अंगणात असायचा. पाण्याची चूल परसात नाहीतर न्हाणीच्या बाहेरच्या अंगाला. जाळ बाहेर आणि पाणी आत, ही आपल्या आज्यांची पद्धत होती. विज्ञान शिकल्या नव्हत्या, पण धूर कुठं जावा हे त्यांना कळत होतं. गॅस गिझर आल्यावर आपण काय केलं? जाळच न्हाणीघरात नेला, खिडकीला पुठ्ठा लावला आणि दाराला आतून कडी घातली. गॅसला धूर दिसत नाही, म्हणून धूर नाहीच असं धरून चाललो.

जरा हिशेब करू. चार बाय सहा फुटांचं, आठ फूट उंच बाथरूम. त्यात हवा किती? साधारण साडेपाच घनमीटर. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गिझर पूर्ण चालला तर तासाला पाऊण ते एक किलोच्या आसपास गॅस जाळतो. म्हणजे अर्ध्या तासात तो त्या बाथरूमभर हवेइतकी हवा एकटाच संपवतो. तुम्ही श्वास घेता ती वेगळीच. प्राणवायू कमी पडायला लागला की गॅस नीट जळत नाही, निळी ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरमधला गॅस गळला तर घाण वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. याला तसला काहीही नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीनं या वायूला धरून बसतं. मग श्वास चालू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोकं जड होतं, मळमळतं, गरगरतं, पाय गळून जातात. बाहेर पडावं हे कळतं तेव्हा कडी काढण्याची ताकद हातात राहिलेली नसते.

जानेवारी 2020 मध्ये मुंबईत बोरिवलीला एक पंधरा वर्षांची मुलगी अशीच गेली. मार्च 2023 मध्ये होळीच्या रंगानंतर अंघोळीला गेलेलं घाटकोपरचं एक जोडपं दुसऱ्या दिवशी मृतावस्थेत सापडलं आणि तिथंही संशय गिझरच्या वायूवरच होता. या बातम्या आपण वाचल्या, हळहळलो आणि पान उलटलं. आपल्याकडच्या गावात असं काही झालं तर ‘बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली’, ‘अटॅक आला’ एवढ्यावर विषय मिटतो. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांवर लिहिलंय. त्यांनी याला ‘गॅस गिझर सिंड्रोम’ असं नाव दिलंय. बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेल्या, झटके आलेल्या रुग्णांना मिरगी समजलं जातं, हेही त्यांनी नोंदवलंय. आपल्याकडं तर गोळ्यांच्याही आधी कांदा, चप्पल, मग अंगारा आणि ‘बाहेरचं’.

म्हणून एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. कुणी बाथरूममध्ये पडलं आणि आत गॅस गिझर चालू होता, तर आधी दार तोडा, गॅस बंद करा, माणसाला उघड्यावर आणा आणि 108 ला फोन करा. बीडचं जिल्हा रुग्णालय असो की अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगा, ‘गॅस गिझर चालू होता.’ त्यावर डॉक्टरांचं निदान बदलतं, प्राणवायू लगेच सुरू होतो. कोरोनापासून घराघरात बोटाला लावायचं ते ऑक्सिमीटर आहे, त्यावर विसंबू नका. या विषबाधेत ते साधं मशीन प्राणवायू आणि हा वायू यांच्यात फरक करू शकत नाही. आकडा 98 दाखवेल आणि माणूस जात असेल.

आता सांगा, या सगळ्यात सगळ्यांत जास्त धोका कुणाला? सगळ्यांत शेवटी अंघोळीला कोण जातं? घरातली बाई. आधी चौघांच्या अंघोळी होऊन आतली हवा संपलेली असते. केस धुवायला, सोबत लेकराला न्हाऊ घालायला, दोन कपडे धुवायला तीच जास्त वेळ आत असते. आणि बाळंतीण? तिला वारं लागू नये म्हणून आपण न्हाणीची प्रत्येक फट बुजवतो. तासभर तेल लावणं, शेकणं, कढत पाणी. जोडीला निखाऱ्यांची शेगडी आणि धुरी. त्यात गिझर आतच असेल तर आई आणि तान्हं बाळ दोघंही त्याच हवेत. पोटुशी बाई असेल तर पोटातल्या जिवाला या वायूचा त्रास तिच्याहून जास्त होतो. वारं लागू नये हे खरं, पण श्वासाला हवा लागतेच ना? खोली उबदार ठेवा, पण गिझर चालू असताना बंद ठेवू नका.

तर माझं म्हणणं सरळ आहे. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर बसवायचा. बाल्कनीत, परसात, गच्चीच्या जिन्याखाली, पण उघड्या हवेत. पाण्याची नळी तेवढी आत. जो मध्येच बंद पडतो, ज्याची ज्योत पिवळी आहे, ज्याच्यावर काजळी धरलीये, तो गिझर आत असेल तर तो तुम्हाला काहीतरी सांगतोय असं समजा. कोंडलेल्या हवेत बर्नर नीट जळत नाही. तिथं ‘डायरेक्ट’ करून त्याला गप्प बसवणं म्हणजे जिवाशी खेळ.

लगेच चार आक्षेप येतील, ते मला पाठ आहेत. ‘आमच्याकडं दहा वर्षं आतच आहे, काही झालं नाही.’ दहा वर्षं खिडकी उघडी असेल, गिझर नवा असेल, अंघोळी लवकर उरकत असतील. एका थंडीच्या सकाळी खिडकीला पुठ्ठा लागतो, नळ्यांत खर बसलेली असते आणि पोरीला केस धुवायचे असतात. तेवढी एक सकाळ पुरते. ‘बाहेर वाऱ्यानं विझतो.’ मग वाऱ्याच्या बाजूला पत्र्याचा आडोसा करा, खालून-वरून मोकळा ठेवा. ‘चोरी होते.’ लोखंडी जाळीचा पिंजरा वेल्डिंगवाला करून देतो. ‘नळी लांब झाली की पाणी गार होतं.’ नळीवर फोमचं वेष्टण येतं. प्रत्येक आक्षेपाला बाजारात उत्तर आहे आणि ते गिझरच्या किमतीपुढं किरकोळ आहे.

भाड्याच्या खोल्यांचं मात्र दुखणं खरं आहे. बीडला, अंबाजोगाईला शिकायला आलेल्या मुली, बदलीवरच्या शिक्षिका, नर्स. त्यांच्या वाट्याला येते ती कोपऱ्यातली, खिडकी नसलेली मोरी. भोक पाडू दे म्हटलं तर मालक म्हणतो, ‘भिंत खराब होईल.’ ओळखीच्या एका शिक्षिकेनं गिझर बाहेर घेऊ द्या म्हणून मालकाकडं महिनाभर तगादा लावला आणि शेवटी खोलीच बदलली. सगळ्यांना ते जमत नाही, हे मला कळतं. पण जमत नसेल तर आतला गॅस गिझर वापरू नका. शेगडीवर पातेलं तापवा, मोकळ्या हवेच्या स्वयंपाकघरात. जुनाट वाटेल, पण सकाळी घरातलं प्रत्येक माणूस उठून बसेल. आणि अगदीच पर्याय नसेल तर बादलीचा नियम पाळा. दार सताड उघडं ठेवून बादली भरायची, गिझर बंद करायचा, हवा खेळू द्यायची आणि मगच कडी लावायची. कडी लागली की जाळ विझलेला असायलाच हवा.

ज्यांची स्वतःची गच्ची आहे त्यांनी सोलरचा विचार करावा. उन्हाची आपल्या जिल्ह्याला ददात नाही. बोअरच्या पाण्यानं त्याच्याही नळ्यांत खर बसते, ती साफ करावी लागते, पण निदान जाळ नाही.

आणि एक मागणं विकणाऱ्यांकडं आहे. दुकानदार गिझर विकतो, मुलगा येऊन जिथं नळ जवळ तिथं ठोकून जातो. बहुतेक वेळा तो असतो बाथरूममध्येच. बसवणाऱ्यानं ‘आत बसवणार नाही’ एवढं एक वाक्य म्हणावं. नगरपालिकांनी घराच्या परवानगीत नुसता नकाशा न बघता बाथरूमला बाहेर उघडणारी खिडकी खरोखर आहे का ते जाऊन बघावं. विकत घेताना आपणही बीआयएसच्या आयएस 15558 या मानकाची खूण विचारावी. दुकानदार गोंधळला तरी चालेल. दोन-चार बायकांनी विचारलं की तोही शिकेल.

शेवटी येते ती गोष्ट आपल्यावरच. मिक्सर, कुकर, इस्त्री आपण चालवतो. कुकरची शिट्टी वाजली नाही तर कुणालाही न विचारता रिंग बदलतो, व्हॉल्व्ह बघतो. शिट्टीचं भोक बुजवून ‘डायरेक्ट’ करा, असं कुणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढू. मग गिझरच्या बाबतीतच ‘मला त्यातलं काही कळत नाही’ असं का म्हणायचं? मेकॅनिक आला की स्वयंपाकघरात न जाता त्याच्या शेजारी उभं राहा. झाकण उघडल्यावर आत बघा. ‘हे काय आहे, ते का काढलंत, कुठली वायर कुठं जोडलीत’ असं विचारा. तो हसेल, किंवा ‘साहेब कुठायत?’ म्हणेल. म्हणू द्या. पैसे देताना ज्योत निळी आहे का बघा आणि काढलेला सेन्सर परत लागला का ते बघा.

या रविवारी एवढं करा. गिझरच्या पट्टीवरचा दाब वाचा, जाळी घासा, सेल बदला, ज्योतीचा रंग बघा आणि बाथरूमच्या खिडकीतला पुठ्ठा काढून फेकून द्या. गिझर आत असेल तर तो बाहेर नेण्याचं या महिन्याच्या खर्चात लिहा, साडीच्या आणि पाहुण्यांच्या आधी. आणि पुढच्या वेळी कुणी ‘डायरेक्ट करून देऊ का, ताई?’ असं विचारलं, तर त्याला म्हणा, ‘नको दादा. तो का बंद पडतोय ते शोधून द्या. वेळ लागू द्या, मी थांबते.’